घरातलं कार्पेट, पावसाळा आणि शिंका : काढावं की ठेवावं?

जाईजुई (विश्रामबाग, सांगली)

नमस्कार मंडळी. गेल्या उन्हाळ्यात आम्ही नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. नवा आम्हाला, इमारत जुनी आहे. आधीच्या मालकांनी आतल्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट चिकटवून घेतलेलं आहे. जाड, मऊ, रंगही छान, म्हणून ती खोली मुलाला दिली. तो तिसरीत आहे. जूनपर्यंत काही त्रास नव्हता. पाऊस लागला आणि सकाळच्या शिंका सुरू झाल्या. उठल्या उठल्या एकामागून एक, नाक चोंदलेलं, डोळे चोळून चोळून लाल. शाळेत गेला की दुपारपर्यंत बरा होतो, सुट्टीच्या दिवशी मात्र दिवसभर सुरसुर चालू. मिरजेला आत्याकडे मुक्कामाला गेला की जवळजवळ काहीच नाही.

डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे दिलाय, त्याने आराम आहे. पण सासूबाईंचं म्हणणं, आधी ते कार्पेट उपटून टाका. ह्यांचं म्हणणं, खाली फरशी कशी असेल माहीत नाही, उगाच मोठं काम निघेल. शिवाय त्यांनी कुठेतरी वाचलंय की कार्पेट धूळ धरून ठेवतं, त्यामुळे हवा उलट स्वच्छ राहते. दोन्ही बाजू ऐकून मी गोंधळले आहे. कुणाला अनुभव किंवा नेमकी माहिती असेल तर कृपया लिहा.

कृष्णाकाठ (गावभाग, सांगली)

काढा. कारण सविस्तर लिहितो, पण आधी जाणकारांना बोलू दे.

श्वासविचार (मिरज)

जाईजुईताई, मी छातीच्या विकारांवर काम करतो. मुलाला न तपासता निदान सांगणार नाही. पण तुम्ही जे लिहिलंय, म्हणजे उठल्यावर जास्त, घराबाहेर कमी, पावसाबरोबर सुरुवात, हे सगळं घरातल्या धुळीत राहणाऱ्या माइटच्या ॲलर्जीशी जुळतं. त्वचेवर टोचून करायची एक साधी ॲलर्जी चाचणी असते, तिने खात्री करून घ्या. चाचणीच्या आधी साधारण आठवडाभर ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, ते डॉक्टरांना विचारूनच करा. त्याच चाचणीत झुरळ, बुरशी आणि गाजर गवताचे परागही तपासून घ्या. आपल्याकडे हे तिन्ही भरपूर आहेत.

माइट हा कोळ्याच्या जातकुळीतला जीव, मिलिमीटरच्या पाव भागाएवढा. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, चावत नाही. आपल्या अंगावरून झडलेले त्वचेचे कण हे त्याचं खाणं. पाणी मात्र तो पीत नाही, हवेतली वाफ शरीरात शोषून घेतो, आणि सगळी मेख इथेच आहे. हवेतली आर्द्रता बराच काळ ५० टक्क्यांच्या खाली राहिली की तो सुकून मरतो. ७० ते ८० टक्के आर्द्रता आणि २५ अंशांच्या आसपास तापमान मिळालं की झपाट्याने वाढतो. जुलै ते सप्टेंबर आपल्याकडची हवा नेमकी अशीच असते. एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी त्याची संख्या घटते, पण त्याची विष्ठा धुळीत तशीच राहते, आणि ॲलर्जी होते ती मुख्यतः त्या विष्ठेतल्या प्रथिनांमुळे. त्यातलं एक प्रथिन पचनाचं विकर (एन्झाइम) आहे. नाकाच्या आणि श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशींचे सांधे ते सैल करतं आणि आत शिरतं. १९६० च्या दशकात नेदरलँड्समधल्या लायडन इथे फोरहोर्स्ट आणि स्पीक्समा या संशोधकांनी घरच्या धुळीच्या ॲलर्जीमागे हा जीव आहे हे दाखवून दिलं. त्याआधी डॉक्टर मोघमपणे 'घरातली धूळ' एवढंच म्हणत.

आता कार्पेटबद्दल. विष्ठेचे कण आकाराने मोठे, साधारण १० ते ४० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ते हवेत फार वेळ तरंगत नाहीत. मूल कार्पेटवर उड्या मारतं, आपण झाडू मारतो, तेव्हा उडतात आणि अर्ध्या तासात बरेचसे खाली बसतात. म्हणून माइटच्या ॲलर्जीसाठी महागडं एअर प्युरिफायर घेऊन फारसं हाती लागत नाही. मांजराच्या ॲलर्जीचे कण खूप बारीक असतात आणि तासन् तास हवेत राहतात, तिथली गोष्ट वेगळी.

पण एक गोष्ट ठासून सांगतो. कार्पेटच्या आधी गादी आणि उशी बघा. मुलाचं नाक रात्रभर तिथे टेकलेलं असतं. घट्ट विणीची, चेन असलेली कव्हरं गादीला आणि उशीला घाला. चादरी, अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात धुवा, त्या तापमानाला माइट मरतात. मऊ खेळणी धुता येत नसतील तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा आणि मग झटका.

नुसता एकच उपाय करून दमा किंवा सर्दी आटोक्यात आली असं मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही. चार-पाच गोष्टी एकत्र केल्या तर उपयोग होण्याची शक्यता वाढते. आणि कार्पेट काढलं म्हणून स्प्रे आपल्या मनाने बंद करू नका.

तासगाव_ते_श्टुटगार्ट

जाईजुई यांच्या यजमानांनी वाचलेली माहिती निराधार नाही. जर्मनीतल्या ॲलर्जी आणि दमा संघटनेने २००५ मध्ये घराघरांतली हवा मोजून सांगितलं होतं की गुळगुळीत फरशीच्या खोल्यांमध्ये बारीक धूळ जास्त आढळली, कार्पेटच्या खोल्यांमध्ये कमी. कारण समजण्यासारखं आहे. फरशीवरची धूळ पंख्याच्या वाऱ्याने, चालण्याने लगेच उडते, कार्पेटच्या धाग्यांत ती अडकते. इथे माझ्या घरात कार्पेट आहे, मुलीला दमा आहे, आणि आमच्या डॉक्टरांनी कार्पेट काढायला सांगितलेलं नाही. दर दोन-तीन दिवसांनी हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमने स्वच्छ करतो. तेव्हा सरसकट 'काढा' म्हणण्याआधी स्वच्छता कशी होते ते विचारा.

श्वासविचार (मिरज)

मुद्दा योग्य आहे, आणि त्याला दोन अटी आहेत. धूळ धाग्यांत अडकते म्हणजे ती तिथे साठते. नियमित आणि चांगल्या यंत्राने ती बाहेर काढली तरच फायदा, नाहीतर तो साठा पुढच्या प्रत्येक हालचालीला थोडा थोडा वर येत राहतो. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. साध्या व्हॅक्यूममधून बारीक धूळ मागच्या बाजूने पुन्हा खोलीत फेकली जाते. आणि जिवंत माइट धाग्यांना घट्ट धरून बसतात, त्यांना कोणताही व्हॅक्यूम पूर्णपणे ओढू शकत नाही.

दुसरी अट हवेची. श्टुटगार्टला हिवाळाभर घरात हीटर चालतो, घरातली हवा कोरडी होते आणि माइटला जगणं अवघड जातं. आपल्याकडे उलट आहे. चार महिने आर्द्रता भरपूर आणि खिडक्या उघड्या. तिथला निष्कर्ष इथल्या जमिनीला तसाच लावता येणार नाही.

जाईजुई

डॉक्टर, खूप आभार. आमच्याकडे कार्पेट झाडूनेच झाडतात. मावशी फुलझाडूने झाडतात आणि मग मी कडेकडेने ओल्या फडक्याने पुसते. व्हॅक्यूम नाही.

श्वासविचार (मिरज)

झाडू तातडीने थांबवा. झाडूने कार्पेटमधली धूळ उपसून थेट हवेत जाते. मुलगा शाळेत असताना सफाई करा, करणाऱ्याने मास्क लावावा, नंतर खिडक्या उघडून निदान अर्धा तास खोली रिकामी ठेवा. आणि कार्पेट ओल्या फडक्याने पुसू नका, त्याने आतला ओलावा वाढतो.

कृष्णाकाठ (गावभाग, सांगली)

आता सविस्तर लिहितो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या गल्लीत तळमजल्यांवर आठवडाभर पाणी होतं. शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात चिकटवलेलं कार्पेट होतं. पाणी ओसरल्यावर त्यांनी ते सोडवलं, पाइप लावून धुतलं, गच्चीवर वाळवलं आणि पुन्हा अंथरलं. चांगली महाग वस्तू होती, टाकवेना. दिवाळीपर्यंत त्या खोलीत शिरलं की घशात खवखव व्हायची. शेवटी एक कोपरा उचलून बघितला तर खालच्या बाजूला काळी-हिरवी बुरशी पसरलेली आणि भिंतीच्या कडेने ओल. घरातल्या आजींचा दमा त्या वर्षी फार वाढला. दमा बुरशीमुळेच वाढला हे सिद्ध करता येणार नाही, पण कार्पेट फेकल्यावर खोलीचा वास गेला आणि आजी पुन्हा तिथे बसू लागल्या हे खरं आहे.

ओलं झालेलं कार्पेट २४ ते ४८ तासांत आतपर्यंत वाळलं नाही तर बुरशी धरते, हा ठोकताळा आहे. पुराच्या पाण्यात तर गटाराचं पाणी मिसळलेलं असतं. त्यात भिजलेलं कार्पेट, फोम, कापसाची गादी वाचवण्याच्या फंदात पडू नये. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा आमच्या गल्लीत कुणाच्याच जमिनीवर चिकटवलेलं काही नव्हतं.

पूर बाजूला ठेवला तरी जुन्या घरांत तळमजल्याला जमिनीतून ओल चढते. उघड्या शहाबादी फरशीवर ती दिसते आणि उडून जाते. वरून कार्पेट चिकटवलं की ती आत कोंडली जाते आणि कुणाला दिसतही नाही. जाईजुईताई, तुमची खोली वरच्या मजल्यावर असेल, पण बाथरूमला लागून आहे का? बाहेरच्या भिंतीतून पाणी झिरपतं का? एक कोपरा उचलून बघा.

माणदेशी (आटपाडी)

आमच्याकडं जमिनीवर घोंगडं नाहीतर जेन (लोकरीचं जाड अंथरूण) टाकत्यात. घरात तीन पिढ्या मेंढरं. लोकरीला धूळ धरती म्हणून कुणी नाक मुरडत नाही, कारण ते घोंगडं रोज सकाळी उचलून झटकलं जातं, आठ-पंधरा दिसांनी दिवसभर उन्हात पडतं. आमच्याकडचं ऊन म्हणजे तुम्हाला माहीतच हाय. जमिनीला कायमचं चिकटवलेलं काही आमच्यात नसतंय. लोकरीला भीती असती ती कसर, म्हंजी लोकर खाणारी कीड, लागायची. त्याला कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून गाठोडं बांधायचं आणि मधनं मधनं ऊन दाखवायचं. काहीजण डांबरगोळ्या टाकत्यात.

डॉक्टरसाहेब, घोंगड्यानं पोराच्या अंगाला खाज येती ती ॲलर्जी का?

श्वासविचार (मिरज)

बहुतेक वेळा नाही. जाड, राठ लोकर त्वचेला टोचते, त्याची ती खाज असते. खरी लोकरीची ॲलर्जी फार क्वचित. लोकर मात्र ओलावा भरपूर शोषते. स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा पिऊनही हाताला कोरडी लागते. माणदेशात कोरड्या हवेत ते चालून जातं. तेच घोंगडं महाबळेश्वर-पाटणच्या पावसात महिनाभर घडी करून ठेवलं तर त्यात माइट आणि बुरशी दोन्ही येतील.

डांबरगोळ्यांची वाफ घरात कोंडू देऊ नका. लहान मुलांना ती घातक ठरू शकते, जन्मतः जी६पीडी हे विकर कमी असलेल्या बाळांच्या रक्तपेशी तिने फुटतात. तान्ह्या बाळाचे कपडे त्या गोळ्यांजवळ कधीच ठेवू नयेत. कडुलिंब आणि ऊन हीच पद्धत चांगली.

तानपुरा (मिरज)

माझ्याकडे गाण्याचा वर्ग चालतो. वर्गात एक मोठा लोकरीचा गालिचा होता, वर्षानुवर्षं तिथेच. पावसाळ्यात मुलं 'सा' लावायला बसली की खोकला, घसा साफ करणं, कुणाला शिंका. मोठी माणसं खुर्चीत बसतात, पण गाणारी मुलं मांडी घालून जमिनीवर बसतात आणि गालिच्यावरून उडणारी धूळ त्यांच्या नाकाजवळच असते. रियाजात खोल श्वास घ्यायला आपणच सांगतो. हा विचार मनात आल्यावर मी तो गालिचा काढला आणि सुती सतरंज्या आणल्या. त्या पातळ असतात, दोन माणसांत उचलून गच्चीवर नेता येतात, मशीनमध्ये मावतात. खोकला संपला असं म्हणणार नाही, पण वर्गात सलग बंदिश म्हणता येते. फरशीला पाय गार लागतात अशी तक्रार आली, त्यावर दोन सतरंज्या एकावर एक टाकतो.

फरशीवाला (सांगली)

या धंद्यात खूप वर्षं आहे, कार्पेटही बसवतो, टाइल्सही, व्हिनाइलही. त्यामुळे दोन्हीकडचं सांगतो.

घरात येणारी कार्पेट बहुतेक नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीनची. लांब केसांचं, कापलेल्या टोकांचं कार्पेट दिसायला भारी, पण धूळ खोल जाते आणि निघत नाही. आखूड, घट्ट विणलेलं कार्पेट साफ करायला सोपं. कृत्रिम धागा स्वतः पाणी फारसं पीत नाही, पाणी धरून ठेवतो तो खालचा फोम आणि तागाची पाठ. म्हणून वर हात लावून कोरडं वाटलं तरी आत ओल असू शकते.

नव्या कार्पेटचा जो वास येतो तो बहुतेक पाठीला लावलेल्या लेटेक्सचा असतो. त्यातून एक वायुरूप रसायन सुटतं, अगदी कमी प्रमाणातही नाकाला जाणवतं, आणि काही दिवसांत ते कमी होतं. जास्त त्रासदायक असतं ते चिकटवायचं सोल्यूशन. त्यात टोल्युइनसारखी द्रावकं असतात, डोकं दुखतं, डोळे चुरचुरतात. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या स्वतःच्याच वॉशिंग्टनच्या मुख्यालयात १९८७-८८ मध्ये नवी कार्पेट बसवल्यावर कर्मचारी आजारी पडल्याच्या तक्रारी झाल्या आणि तिथून हा विषय गाजला. मी गिऱ्हाइकाला सांगतो, कार्पेट दुकानातच दोन-चार दिवस उलगडून ठेवू, बसवल्यावर खिडक्या उघड्या ठेवा, आणि तान्हं बाळ किंवा दमेकरी असेल तर त्या खोलीत आठवडाभर झोपू नका. काही गिऱ्हाईक ऐकतात, काही त्याच रात्री एसी लावून झोपतात.

माझं मत विचाराल तर आपल्या भागात भिंत ते भिंत चिकटवायचं कार्पेट झोपायच्या खोलीत नको. हवंच असेल तर सुटा रग घ्या, दोन माणसांना उचलता येईल एवढाच. वस्तू उचलून उन्हात नेता येते का, हे बघूनच ती घरात आणावी. शॅम्पू करायचा तर मार्च-एप्रिलमध्ये. श्रावणात शॅम्पू केलेलं कार्पेट आठवडाभर दमट राहतं. मी पावसाळ्यात ती कामं घेत नाही.

अजिंक्यतारा (शाहूपुरी, सातारा)

दोन प्रश्न. आमच्या ओळखीत दम्याच्या मुलाला 'हवा बदलायला' पाचगणीला ठेवायचं चाललंय. पूर्वी तिथे क्षयाच्या रुग्णांसाठी आरोग्यधाम होतंच. माइटच्या ॲलर्जीत उंचावरच्या हवेचा फायदा होतो का? आणि बाहेरच्या हवेचं काय? उसाचं पाचट पेटवलं की गच्चीवर काजळीचे तुकडे पडतात.

श्वासविचार (मिरज)

उंचीचा फायदा कोरडेपणामुळे होतो. स्वित्झर्लंडमध्ये डाव्होस हे गाव सुमारे १५६० मीटरवर आहे, तिथली हवा थंड आणि कोरडी, घरांत माइट फार कमी सापडतात, म्हणून युरोपातून दम्याचे रुग्ण तिथे जात आलेत. आपल्याकडे पाचगणीशेजारचं महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे, पण जून ते सप्टेंबर तिथे प्रचंड पाऊस आणि धुकं, भिंतीसुद्धा ओल धरतात. त्या महिन्यांत माइट-बुरशीच्या रुग्णाला तिथे नेऊन फायदा होईल असं मला वाटत नाही. हिवाळ्यात, उन्हाळ्यात परागांचा त्रास नसेल तर मूल तिथे बरं राहू शकतं. जागा निवडलीत तरी खोलीतली गादी आणि कार्पेट बघून घ्या.

पाचटाच्या धुराचा प्रश्न गंभीर आहे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला, त्याच्या शहरांच्या यादीत सांगली आहे. गाळप हंगामात ती काजळी, रस्त्याची धूळ, पायांना लागून आलेली माती, सगळं अखेर घराच्या जमिनीवर येतं. फरशीवरून ओल्या फडक्याने ते पुसून निघतं, कार्पेटमध्ये मुरतं. घरातल्या घरात अगरबत्ती, धूप, मच्छर कॉइल यांचा धूर वेगळा. दमेकरी मुलाच्या खोलीत कॉइल लावण्यापेक्षा मच्छरदाणी बांधा.

जाईजुई

कृष्णाकाठ, तुमच्या सांगण्यावरून आज कपाटामागचा कोपरा उचलला. ती भिंत बाथरूमचीच आहे. खालचा फोम हाताला गार लागला आणि पाठीवर काळे ठिपके आहेत, कुबट वासही. ह्यांनीही बघितलं. काढायचं ठरलंय. फरशीवालेदादा, आत्ता पावसातच काढावं की दिवाळीपर्यंत थांबावं? आणि घरात धूळ न करता कसं काढायचं?

फरशीवाला (सांगली)

बुरशी दिसली म्हणजे थांबू नका. ताई, आधी प्लंबरकडून बाथरूमची गळती बघून घ्या, नाहीतर खाली नवीन काहीही टाका, तीच गत होईल.

काढताना मुलाला आणि सासूबाईंना आत्याकडे पाठवा. खोलीतलं कापडी सामान बाहेर काढा, दाराला फटीसकट प्लास्टिक लावा, पंखा आणि एसी बंद, खिडकी उघडी. कार्पेटवर स्प्रेच्या बाटलीने हलकं पाणी मारा, चिंब करू नका, धूळ दबण्यापुरतंच. मग कटरने दोन-दोन फुटांच्या पट्ट्या कापा आणि प्रत्येक पट्टी वरची बाजू आत ठेवून गुंडाळा. गुंडाळी खोलीतच मोठ्या पिशवीत बांधा, जिन्यातून उघडी नेऊ नका. काम करणाऱ्याने एन-९५ मास्क आणि हातमोजे घालायलाच हवेत.

खाली सोल्यूशनचा थर राहील. तो पत्र्याच्या खरवडणीने ओला करून काढा. पेट्रोल, थिनर ओतून काढायला कुणी सांगितलं तर ऐकू नका, बंद खोलीत ते आगीचं काम आहे. जुन्या इमारतीत खाली बहुतेक मोझॅक निघते, घासून पॉलिश केली की उत्तम होते. त्यासाठी ओल्या पॉलिशचं मशीन सांगा, कोरड्या घासाईने सगळ्या घरात पांढरी भुकटी होते.

जाईजुई

प्लंबर उद्या येतोय. मोझॅक निघाली तर तशीच ठेवू, आणि मुलाला खेळायला सतरंजी. गादीची कव्हरं आजच मागवली.

तानपुरा (मिरज)

सतरंजी घेताना सुतीच आहे ना ते बघा. हल्ली बाजारात सुतासारखी दिसणारी पॉलिएस्टरचीही येते. आणि वापरायच्या आधी एकदा गरम पाण्यातून काढा, खळ निघून जाते आणि रंग सुटणार असेल तर तेव्हाच कळतं.